प्रश्न तुमचे, वेळ आमचा!



गेल्या वर्षी ऐन खुरपणीच्या दिवसांत एका विद्यापीठातून मला फोन आला. "ताई, तीसेक बायका जमवून द्याल का? शाश्वत विकासावर आमचं आंतरविद्याशाखीय संशोधन चाललंय. लोकसहभाग हवा आहे." लोकसहभाग हा शब्द ऐकला की आम्ही चळवळीतल्या बाया लगेच विरघळतो. शिबिरांतून, मोर्च्यांतून आम्हीच तो इतकी वर्षे मागत आलो. मी हो म्हटले. दारोदार फिरून बत्तीस बायका जमवल्या. समाजमंदिरात सतरंज्या अंथरल्या. चहाही आमचाच.

गाडीतून पाच विभागांची माणसे उतरली. पाण्याची, मातीची, ऊर्जेची, अर्थशास्त्राची आणि आरोग्याची. प्रत्येकाची प्रश्नावली वेगळी. दिवसाला किती हंडे भरता? सरपण किती लागते? जनावरे किती? खोकला कधीपासून आहे? वर्षाचे उत्पन्न किती? सकाळी दहाला बसलेली बाई दुपारी दोनला उठली. 'घरात माणसे किती' हा प्रश्न तर प्रत्येकीला पाच वेळा विचारला गेला. पाचव्या वेळी एक मावशी म्हणाली, "सकाळपासनं तेवढीच हायेत बाबा, वाढली न्हाईत." सगळ्या हसल्या. पाहुणेही हसले.

मग तीच मावशी म्हणाली, "आज माझा रोज बुडाला. त्याचं काय?"

आता कोणी हसले नाही. गटप्रमुख प्राध्यापकांनी मला बाजूला घेऊन समजावले, "ताई, पैसे दिले की माणसं आपल्याला हवी तशी उत्तरं देतात. माहिती शुद्ध राहत नाही."

मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची लाज वाटते, म्हणून हा लेख लिहिते आहे.

घरी आल्यावर मी हिशेब मांडला. गाडीत डिझेल पैसे देऊनच भरले होते. प्राध्यापकांना पगार होता, वर प्रवासभत्ता होता. संशोधन सहायकांना मानधन होते. प्रश्नावली छापणाऱ्याला त्याचे बिल मिळाले असणार. या सगळ्यांनी पैसे घेतले आणि कोणाचीही शुद्धता बाटली नाही. बाटणार होती ती फक्त मावशीची! चार तासांच्या त्या कामात मोबदल्याशिवाय राबल्या त्या बत्तीस बायका, आणि त्यांना गोळा करून देणारी मी. जुन्या काळी याला वेठ म्हणत. आज त्याला लोकसहभाग म्हणतात.

आठेक महिन्यांनी अहवाल आला. आमच्याकडे आला नाही. गावातल्या ज्या दोन मुलींनी दिवसभर दुभाष्याचे काम केले होते, त्यांतली एक प्रवेशासाठी त्या विद्यापीठात गेली होती. तिला तो तिथल्या टेबलावर दिसला. गुळगुळीत कागद, इंग्रजी मजकूर. मुखपृष्ठावर आमच्याच गावची एक बाई, डोक्यावर मोळी. तिला कोणी विचारले नव्हते. आत बायका होत्या, पण 'उत्तरदाता क्रमांक अमुक' म्हणून. दुभाष्या मुलींची नावे आभाराच्या पानावरही नव्हती.

त्या विद्यापीठाचे नाव मी लिहीत नाही. ते लिहिले की बाकीची सुटतात.

बाईच्या दिवसाला विभाग नसतात

'शाश्वत विकास' हा शब्द जगभर रूढ झाला तो १९८७ च्या ब्रुंटलंड आयोगाच्या अहवालाने. त्या आयोगाची अध्यक्ष एक बाई होती, नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलंड. पुढे २०१५ साली संयुक्त राष्ट्रसंघाने सतरा उद्दिष्टे ठरवली. पाचवे स्त्री-पुरुष समतेचे, सहावे पाण्याचे, सातवे ऊर्जेचे. विद्यापीठांनी ती सोयीस्कर वाटून घेतली. पाणी अभियांत्रिकीकडे, ऊर्जा भौतिकशास्त्राकडे आणि बाई समाजशास्त्राकडे.

पण खेड्यातल्या बाईचा दिवस पाहा. पहाटे पाणी भरते तेव्हा ती सहाव्या उद्दिष्टात असते, चूल पेटवते तेव्हा सातव्यात, आणि नवऱ्याची बोलणी खाते तेव्हा पाचव्यात. पाणी लांब गेले की सरपणाला वेळ उरत नाही. सरपण ओले असले की धूर जास्त, धूर जास्त म्हणून खोकला, खोकला म्हणून रोज बुडतो, रोज बुडाला की दवाखान्याला पैसे नसतात. ही साखळी तिला तोंडपाठ आहे. आंतरविद्याशाखीय म्हणतात ते हेच ना? मग पाच शास्त्रांचे पाच तज्ज्ञ एका गाडीत बसून आल्याने संशोधन आंतरविद्याशाखीय होते, आणि ती पाचही शास्त्रे एकाच दिवसात जगणारी बाई फक्त 'उत्तरदाता' राहते, हे कसे?

आणि तिच्याकडे वेळ किती आहे? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीचा आकडा पाहा. घरचे बिनमोल काम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवते. असे काम करणारे पुरुष मुळात कमी, आणि जे करतात ते ८८ मिनिटे. जवळजवळ पाच तास आधीच फुकट गेलेल्या बाईकडे विद्यापीठ आणखी चार तास फुकट मागते, आणि तेही समतेच्या नावाने!

हळद कोणाची?

आपल्या माहितीची किंमत शून्य धरली जाते याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या मिसळणाच्या डब्यातच आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. लेकराचा गुडघा फुटला की त्यावर हळद दाबणारी प्रत्येक आई त्या दिवसापासून त्या कागदाच्या हिशेबी दुसऱ्याची मालमत्ता वापरत होती. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. त्याचा आपल्याला अभिमान आहेच.

पण ते कशाच्या जोरावर रद्द झाले ते लक्षात घ्या. त्या वेळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे परदेशातले नुसते तोंडी ज्ञान, नुसता वापर, पुरावा धरला जात नव्हता. छापील मजकूर लागे. म्हणून जुने ग्रंथ शोधावे लागले, १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख शोधावा लागला. कोट्यवधी बायकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे हात पुरावा ठरले नाहीत. ज्यांना लिहायला-वाचायला बंदी होती, त्यांनी छापील पुरावा आणायचा कुठून? सावित्रीबाई आणि जोतिबांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. त्याआधीच्या शतकांतल्या बाईने काय शोधले, काय जपले, ते लिहिणार कोण होते?

आजही हेच चालते. बियाण्याची पारख बाई सांगते, संशोधक ते टिपून घेतो. टिपेपर्यंत ती 'अंधश्रद्धा' किंवा 'पारंपरिक समज' असते. छापून आली की ती त्याची शोधनिष्पत्ती होते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे जपली, त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. तिला शाल देणे सोपे आहे. संशोधनाला पैसा कोणत्या प्रश्नासाठी द्यायचा हे ठरवणाऱ्या बैठकीत राहीबाईंसारख्या बाईला खुर्ची आणि मत द्यायला किती विद्यापीठे तयार होतील?

चूल शिकवते ते

बाईला विचारले नाही की काय होते हे चुलीने या देशाला एकदा शिकवले आहे. १९८० च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. हेतू चांगला होता. चुलीचा धूर बाईचे फुप्फुस जाळतो हे तेव्हा मोजमापाने दिसू लागले होते. कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातेतल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजले, त्याचा निबंध १९८३ साली प्रसिद्ध झाला. ते मोजले नसते तर आमचा खोकला 'बायकांचं नेहमीचंच' म्हणून राहिला असता. म्हणून सांगते, मोजमापाशी आमचे भांडण नाही.

भांडण पुढच्या पायरीशी आहे. तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या आणि २००२ साली कार्यक्रम गुंडाळला गेला. कितीतरी घरांत ती चूल फुटली, तिचे धुराडे काजळीने तुंबले, आणि शेजारी जुनी चूल पुन्हा पेटली. का? कोणत्याही सुगरणीने सांगितले असते. तोंड लहान केले की सरपण बारीक फोडावे लागते, आणि ते फोडणार कोण? ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरवून आरावर उभी करून शेकायची असते, तिला चुलीपुढे जागा हवी. धुराडे साफ करायला छपरावर चढायचे, तर ते काम पुरुषाचे की बाईचे, यावरच अडून बसते. आणि वैलावर कालवण शिजत ठेवायचे असते, ते तिथे शिजते का?

अमेरिकेतल्या विद्यापीठांतले रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ओडिशातल्या सुमारे २६०० कुटुंबांचा काही वर्षे मागोवा घेतला. २०१६ साली तो निबंध रीतसर छापून आला. सुधारित चुलीने पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पुढे तो फरक राहिला नाही. प्रकृतीत सुधारणा नाही, सरपणातही बचत नाही. कारण लोक ती चूल नेमाने वापरत नव्हते, तिची निगा राखत नव्हते. निष्कर्ष खरा आहे आणि महत्त्वाचा आहे. पण चूल वाटण्याआधी बाईला कारागिराच्या शेजारी बसवले असते, तर यातले निम्मे पहिल्याच दिवशी कळले असते. बीना अगरवाल यांनी १९८६ सालच्या आपल्या पुस्तकात सरपणाच्या टंचाईचा आणि नव्या चुली का पसरत नाहीत याचा विचार केला, तेव्हाच त्यांनी घरातल्या सत्तेकडे बोट दाखवले होते. ज्या बाईचा त्रास वाचणार, तिच्या हाती पैसा नाही. ज्याच्या हाती पैसा, त्याला धूर लागत नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना आली. सिलिंडर बाईच्या नावावर झाला. तो पुन्हा भरून आणायचे पैसे कोणाच्या खिशात असतात, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

एक गाव, जिथे उत्तर बदलले

सगळी विद्यापीठे अशीच, असे म्हणून मोकळे होता येत नाही. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने 'अस्त्र' नावाचा गट सुरू झाला. ग्रामीण भागासाठी विज्ञान वापरायचे, हे त्याचे काम. कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यात पुरा नावाचे गाव आहे. तिथे या मंडळींनी सामुदायिक गोबरगॅसचा प्रकल्प उभा केला, सर्व घरांत स्वयंपाकाला गॅस देण्यासाठी. तो फसला. गावच्या शेणात सगळ्यांच्या चुलीपुरता गॅस होईना.

एरवी इथे अहवाल लिहून गाडी परत गेली असती, आणि अहवालात 'लोकांचे असहकार्य' असे कारण आले असते. इथे तसे झाले नाही. गावाशी पुन्हा बोलणे झाले, आणि गावाची आधीची गरज पिण्याच्या पाण्याची आहे हे पुढे आले. पाणी कोण भरत होते ते सांगायला नको. १९८७ पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून वीज केली गेली, विजेवर पंप चालला, गावात नळाला पाणी आले, घरात दिवे लागले. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. शेण आणून देण्याचे पैसे दिले जात. रक्कम अगदी लहान, किलोमागे पैशांत मोजण्याइतकी, पण ती बहुतेक बायकांच्या हाती पडे. शेणाचे पैसे देऊन गॅस काही अशुद्ध झाला नाही!

तो प्रकल्पही कायम टिकला नाही. पण रेड्डींनी त्याच्या यशापयशाचे धडे २००४ साली लिहून ठेवले. आपला प्रश्नच चुकला होता हे मान्य करणारे विद्यापीठ मला हवे आहे.

'दत्तक' कोण कोणाला घेणार?

२०१४ साली केंद्र सरकारने उन्नत भारत अभियान काढले. त्यात उच्च शिक्षण संस्थेने किमान पाच गावे दत्तक घ्यायची असतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने समाजाशी संपर्काचे उपक्रम श्रेयांकांत आणले. म्हणजे आता गावात येणाऱ्या गाड्या वाढणार.

दत्तक हा शब्द जरा जिभेवर घोळवून पाहा. दत्तक कोणाला घेतात? ज्याला आईबाप नाहीत, ज्याला आपले भले कळत नाही त्याला. आमच्या गावची बारव तुमच्या विद्यापीठाच्या पहिल्या इमारतीपेक्षा जुनी आहे. गावाने विद्यार्थ्यांना शिकवायचे, गावाने त्यांना श्रेयांक मिळवून द्यायचे, गावाने जेवू घालायचे, आणि दत्तक मात्र गाव?

यावर मला उलट प्रश्न विचारला जातो. "ताई, तुम्ही संशोधनाच्या विरोधात आहात का?" मुळीच नाही. या देशातले पहिले स्त्री-अभ्यास केंद्र १९७४ साली मुंबईत, एसएनडीटी महिला विद्यापीठात, नीरा देसाई यांच्या पुढाकाराने सुरू झाले. स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद १९८१ साली तिथेच भरली. चळवळीतले प्रश्न विद्यापीठात न्यायचे आणि विद्यापीठातले ज्ञान चळवळीत आणायचे, हा रस्ता आपल्याच थोरल्या बहिणींनी पाडला. संशोधक कोण, कोणाच्या वतीने बोलतो, माहिती कोणाची, हे प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारले. पर्यावरणाचे नवे विभाग हे सगळे नव्याने शोधल्यासारखे करतात आणि शेजारच्या इमारतीतल्या स्त्री-अभ्यास केंद्राचे दार वाजवत नाहीत.

दुसरा आक्षेप, पैसे दिले की उत्तरे बिघडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे पाहा. संशोधनात भाग घेणाऱ्याचा वेळ आणि गैरसोय यांचा मोबदला देता येतो, असे त्यांत आहे. आमिष ठरेल इतका देऊ नये, एवढीच अट. ज्या शास्त्रात रक्त तपासतात तिथे हे चालते, मग हंडे मोजणाऱ्या शास्त्राला काय अडचण? उत्तरे खरोखर बिघडतात ती भीतीने. सरपंच दारात उभा असतो तेव्हा. 'योजना मिळेल' असे कोणीतरी कानात सांगते तेव्हा. त्या बिघाडाबद्दल कोणी माझ्याजवळ कुजबुजले नाही.

तिसरा आक्षेप आमच्यातलाच आहे आणि तो मला टोचतो. गावात 'बायका' म्हणून जमतात त्या कोणत्या? समाजमंदिर कोणत्या वस्तीत आहे, त्यावर ते ठरते. त्या दिवशी मी जमवलेल्या बत्तीस जणींत पारधी वस्तीवरची एकही नव्हती. ऊसतोडीला गेलेल्या तर गावातच नव्हत्या. म्हणजे विद्यापीठाने आम्हाला विचारले नाही, तसे आम्हीही त्यांना विचारले नाही. हे मान्य केल्याशिवाय पुढचे बोलण्याचा हक्क मला नाही.

आम्ही काय ठरवले

अहवाल पाहिल्यावर आमच्या गटाची बैठक झाली. या वेळी वस्तीवर, रात्री जेवणे आटोपल्यावर. तिथे जे ठरले ते असे:

१. संशोधनाचा प्रश्न ठरायच्या आधी आमच्याशी बोला. ठरल्यावर नुसती उत्तरे गोळा करायला येऊ नका.

२. बुडालेल्या वेळेचा मोबदला त्या दिवशीच्या शेतमजुरीइतका असला पाहिजे, आणि तो बाईच्या हातात. दुभाष्या आणि माहितगार मुलींना साहाय्यकाचे मानधन आणि छापील नाव.

३. पाच विभागांनी मिळून एकदाच या. आपसात बोलून या.

४. फोटो विचारून काढा. नाव द्यायचे की नाही ते बाई ठरवील.

५. निष्कर्ष मराठीत, आमच्या समोर, सगळ्यांत आधी. चुकले असेल तर तिथेच सांगू. छापायचे ते त्यानंतर.

यातले काहीही क्रांतिकारक नाही. गवंडी बोलावला तरी आपण त्याच्याशी एवढे बोलतोच.

यंदा पुन्हा फोन आला. वेगळे विद्यापीठ, विषय हवामानबदल, आवाज एका तरुण मुलीचा. "ताई, तीसेक बायका..." मी तिला आमची पाच कलमे वाचून दाखवली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ताई, हे मला आमच्या सरांशी बोलावं लागेल." मी म्हटले, "बोल ना. आणि सर नाही म्हणाले तरी तू ये. मोबदला लागणार नाही. संध्याकाळी वस्तीवर बसू. आमचेही काही प्रश्न आहेत, तुझ्या शास्त्राला विचारायचे."

मावशीने तिचा प्रश्न तयार ठेवला आहे. तिच्या विहिरीचे पाणी पूर्वी होळीपर्यंत पुरायचे, आता संक्रांतीलाच तळ दिसतो. वरच्या अंगाला कोणाकोणाची बोअर कधी पडली, त्याची तिने वर्षवार बोटांवर मोजदाद केली आहे. ही माहिती कोणत्याही प्रश्नावलीत नव्हती. मुलगी आली तर मावशी सांगेल. फुकट नाही सांगणार. तिलाही काहीतरी कळायला हवे.